मेहकरची फोटोवाली

हे लिहायचं मी आजवर टाळत आलो. टाळायला कारणंही पुष्कळ मिळाली. नोकरी होती, मुलांची लग्नं होती, मग बायकोचं आजारपण आलं, मग माझाच मोतीबिंदू. आता डोळ्यांची ऑपरेशनं झाली आहेत आणि घरात मला कुणी काही काम सांगत नाही. त्यात गेल्या दिवाळीत एक तरुण चादरीत गुंडाळलेलं एक जुनं चित्र घेऊन माझ्याकडे आला. त्याच्या पणजीचं चित्र. म्हणाला, "सर, खाली सही तेवढी करून द्या. तुमचं आहे हे सगळ्यांना माहीत आहे, पण सही असलेली बरी."

मी म्हटलं, "हात कापतो."

तो म्हणाला, "कापऱ्या हाताची चालेल."

ते चित्र माझं नव्हतं. मेहकरात आणि आजूबाजूच्या खेड्यांत डोक्यावरून पदर घेतलेल्या, हात पदराखाली असलेल्या बायांची अशी जी चित्रं भिंतींवर आहेत, त्यातलं एकही माझं नाही. ती सगळी एका बाईनं काढली. गाव तिला फोटोवाली म्हणायचं. त्या तरुणाला मी तिचं पूर्ण नाव, गाव सांगितलं. त्यानं मान हलवली, लिहून मात्र घेतलं नाही. इथं मी तिला बाईच म्हणतो, कारण तोंडावर मी तिला दुसरं काही कधी म्हटलं नाही.

महाराष्ट्र राज्य नवीन होतं तेव्हाची गोष्ट. आमच्याकडे फोटो काढणं म्हणजे पुरुषांचं काम होतं. शाळेचा ग्रुप फोटो, मुंज, लग्न, सत्कार, यांत पुरुषांचे चेहरे कुठं ना कुठं उमटून राहत. बायांचं तसं नव्हतं. फोटोनं आयुष्य कमी होतं असं म्हणायचे, आणि म्हणत नसतील त्यांच्याकडेही कुणाला सुचायचं नाही. मग बाई मरायची. तेराव्याला लोक भिंतीकडे पाहायचे आणि तिथं काही नसायचं. तेव्हा कुणीतरी म्हणायचं, फोटोवालीला बोलवा.

बाई मूळची पिंपळगाव राजाची. मेहकरात दिली होती. नवऱ्यानं दोनेक वर्षांत टाकली आणि तो कुठं निघून गेला. कुणी विचारलं तर ती सांगायची, "मुंबईत हाय म्हनतात. असू द्या. तिथं गर्दी लय हाय, एकानं काय होते!" कुंकू मात्र रुपयाएवढं लावायची. माहेरी न जाता ती गावातल्या एका मुसलमान पेंटरच्या दुकानामागच्या खोलीत राहू लागली. तो म्हातारा दुकानांच्या पाट्या, टांग्यांच्या मागचे मोर, मोहरमचे ताजिये रंगवायचा. सगळे त्याला पेंटरचाचा म्हणत. बाई आधी त्याच्याकडे डबे धुवायला होती. मग ती रंग घोटू लागली, मग अक्षरं भरू लागली, आणि एक दिवस चाचाच्या बायकोचा इंतकाल झाल्यावर तिनं तिचा चेहरा काढला. चाचाच्या घरात चेहऱ्याचं चित्र लावत नसत. त्यानं ते पाहिलं, पेटीत तळाला ठेवलं आणि दुसऱ्या दिवशी बाईला स्वतःचे चांगले ब्रश देऊन टाकले. बाईनं हे मला फार सहज सांगितलं होतं. मी नागपूरला ड्रॉइंगचा डिप्लोमा घेऊन आलो होतो, माझ्या मास्तरांनी मला साधा एक ब्रश कधी दिला नव्हता.

तिची कामाची पद्धत पाहिली असती तर कुणीही तिला वेडी म्हटलं असतं. आणि म्हणतच होते. मयताच्या घरी गेल्यावर ती पहिलं काय मागायची, तर गेलेल्या बाईचं लुगडं. तसंही ते लुगडं घरात ठेवत नसत, कुणाला तरी देऊनच टाकत. ती ते धुऊन फळीवर सरसानं चिकटवायची, वर खडूची भुकटी आणि सरस यांचे हात द्यायची, वाळवायची, घासायची. तिचंच लुगडं आणि त्यावर तीच. चित्राच्या कडेला नीट पाहिलंत तर अजून कुठं कुठं काठ दिसतो.

मग ती चुलीपाशी जाऊन बसायची. घरातल्या सगळ्यांना समोर बसवायची आणि सुरू व्हायचं. नाक कोणासारखं? हनुवटी पोरीत उतरली का पोरात? रागावली की बोलायची का भांडी आदळायची? हसताना तोंडाला पदर लावायची का मान फिरवायची? नवरा एक सांगायचा, बहीण दुसरं, पोरी रडायला लागायच्या. घरात भांडण लागलं की बाई खूश.

"भांडा, भांडा," म्हणायची. "भांडनातून नाक निघते."

आणि घरच्यांचं झालं की ती त्या बाईशी जिचं पटत नव्हतं अशा कुणाला तरी बोलवायला लावायची. जाऊ, नणंद, शेजारीण. घरचे नको नको म्हणायचे. ती ऐकायची नाही. "ज्याले प्रेम हाय त्याले सगळं गोड गोड याद राह्यते. चेहरा बराबर याद राह्यते तो वैऱ्याले. तो रोज पाह्यते ना निरखून!"

मधेच उठून भाजी करायची. गेलेली बाई करायची तशी. मग सगळ्यांना वाढून विचारायची, "असंच का? तिखट कमी पडलं का?" लोक म्हणायचे, थोडं जास्त असायचं. ती मान डोलवायची आणि जाऊन फळीवर भुवईला एक रेघ ओढून यायची. तिखटाचा आणि भुवईचा काय संबंध, हे मी तिला एकदा कुत्सितपणे विचारलं. ती म्हणाली, "मास्तर, जास्त तिखट खानाऱ्या बाईची भुवई पाह्यली नाही का तुम्ही?" मी पाहिली नव्हती. अजूनही मला कळलेलं नाही. पण तो दिवस गेल्यावर कितीतरी दिवस मी जेवताना बायकोच्या भुवईकडे पाहत असे, आणि बायकोला वाटे भाजी बिघडली.

सही ती कधी करत नसे. पेंटरचाचानं तिला अक्षरं चांगली शिकवली होती, अर्ध्या बाजारच्या पाट्या तिच्या हातच्या होत्या. तरी चित्रावर नाव नाही. त्याचं कारण तिनं एकदा माझ्या वडिलांना सांगितलं तेव्हा मी तिथंच होतो. "मेलेल्या मानसाच्या फोटोवर जित्या मानसाचं नाव कसं लिहू, बुवा? त्याले तुम्ही हार घालसान. तो हार माह्याही नावाले पडन." ती हसली होती. वडीलही हसले होते. मी हसलो नाही. ते वाक्य मात्र मी लक्षात ठेवलं. कशासाठी, ते पुढं येईल.

आता मूळ गोष्टीकडे येतो.

माझी आई गेली तेव्हा मी नागपूरला शिकत होतो. तिथं मी प्लास्टरची डोकी काढली, समोर बसवलेले हमाल काढले, सांगाडे काढले. सुट्टीत घरी आल्यावर झाडं काढली, नदीचं पात्र काढलं, बालाजीच्या देवळाचं शिखर काढलं. आईला कधी काढलं नाही. ती रोज समोर असायची, म्हणून काढलं नाही असं वाटतं. मला तार उशिरा मिळाली. पोचलो तेव्हा सगळं झालेलं होतं.

शिक्षण संपवून मेहकरच्या शाळेत ड्रॉइंग मास्तर म्हणून लागलो आणि पहिलं काम हाती घेतलं ते आईच्या चित्राचं. महिनाभर रोज शाळा सुटल्यावर बसत होतो. प्रमाण अचूक, नाकाची सावली अचूक, कानाची पाळी तर अशी की परीक्षकानं मान डोलवावी. वडील अडत्याकडे कापूस मोजायला जायचे. संध्याकाळी आले, हातपाय धुतले आणि चित्रासमोर उभे राहिले. बराच वेळ पाहत राहिले. मग म्हणाले, "चांगली हाय बाई. कोन हाय?"

मी चित्र गुंडाळून माळ्यावर टाकलं. वडिलांना त्यांचं काही चुकलं असं वाटलंच नाही. पुढच्या आठवड्यात शाळेतून घरी आलो तर आमच्या चुलीपाशी फोटोवाली बसलेली. समोर वडील, माझी बहीण, आणि जिच्याशी आईनं वाटणीपासून आयुष्यभर अबोला धरला होता ती काकू. काकू आमच्या घरात! आणि बोलत होती, हातवारे करून बोलत होती.

"आली की नाही नळावर, की आधी घागर आपटे. मंग माह्याकडं पाह्ये. अशी. मान नाही फिरवायची, निसते डोळे."

"कोन्त्या बाजूनं?" बाई विचारत होती.

"डाव्या."

बाई माझ्याकडे वळली. "या मास्तर. बरं झालं आले. सांगा बरं, तुमची माय पदर कोन्त्या हातानं सावरे?"

मला सांगता आलं नाही. मी चित्रकार, डिप्लोमा घेतलेला, आणि तिच्या पोटचा. मला खरंच आठवेना. काकूनं लगेच सांगितलं, "डाव्या हातानं. उजव्याले पीठ लागलेलं राहे ना."

त्या क्षणी मला आईची आठवण येऊन रडू यायला हवं होतं. मला त्या बाईचा राग आला. ती माझ्या घरात, माझ्या आईच्या चुलीपाशी, माझ्या वडिलांना 'बुवा' म्हणत बसली होती, आणि वडील तिच्याशी असे बोलत होते जसे माझ्याशी कधी बोलले नव्हते. मी काही दिवस संध्याकाळी मुद्दाम उशिरा घरी जात राहिलो.

चित्र झालं त्या दिवशी बाईनं वरचं फडकं काढून ते भिंतीला टेकवलं. आई डावीकडे डोळे करून पाहत होती. बोलणार होती काहीतरी, आणि ते चांगलं नसणार हे दिसत होतं. ओठ आवळलेले, कपाळावर चुलीच्या धगीचा तांबूसपणा. वडील दारातून आत आले. हातात विडी होती. चित्राकडे नजर गेली आणि त्यांनी ती विडी पटकन पाठीमागे लपवली.

बाई म्हणाली, "झालं मंग," आणि ब्रश धुवायला गेली.

ही एवढी गोष्ट मी माझ्या बायकोलाही कधी सांगितली नाही. हेवा म्हणजे काय असतो हे लोक सांगतात, पुस्तकांतही असतं. माझ्यापुरता हेवा म्हणजे त्या लपवलेल्या विडीचा धूर. माझ्या कुठल्याही चित्रासमोर कुणी काही लपवलं नाही.

बाईला मात्र माझ्याबद्दल काहीच वाटत नव्हतं, म्हणजे वाईट असं काही. उलट तिला मी फार मोठा वाटायचो. माझी निसर्गचित्रं पाहायला ती शाळेत यायची, चपला वर्गाबाहेर काढून. "झाड काय काढलं हो मास्तर! पान न् पान." मग थोडं थांबून, "याच्याखाली कोनी बसत नाही का?" हे ती टोमणा म्हणून बोलत नव्हती, खरंच विचारत होती. म्हणून जास्त लागायचं.

तिचं एकच अडायचं. तिला हात काढता येत नसत. बोटं काढायला गेली की केळ्याचा घड व्हायचा. म्हणून तिच्या सगळ्या बायांचे हात पदराखाली. हे गावात कुणाच्या लक्षात आलं नव्हतं, मला पहिल्या दिवशीच आलं होतं, आणि त्या एका गोष्टीवर मी पुष्कळ दिवस काढले. एकदा ती स्वतःच आली. "मास्तर, मले हात शिकवा. तुमचे लय चांगले येतात. माह्या बाया काय जलमभर हात लपवूनच बसतीन का?"

मी म्हटलं, "आधी हाडं शिकावी लागतात. मग स्नायू. तीन-चार वर्षांचं काम आहे ते."

"शिकतो ना," ती म्हणाली. आमच्याकडे बायाही बऱ्याचदा असंच बोलतात. "संध्याकाळी येत जातो."

मी म्हटलं, "पाहू."

ती पुढं तीन-चार वेळा आली. मी दरवेळी वह्या तपासत असल्याचं दाखवलं. हात शिकवायला एक महिना पुरला असता.

पुढच्या हिवाळ्यात मुंबईहून एक गृहस्थ बुलढाण्याला आले. नव्या राज्यातल्या जिल्ह्याजिल्ह्यांतून चित्रं निवडून मुंबईत प्रदर्शन भरवायचं होतं. मला निरोप आला आणि मी त्यांना मेहकरला घेऊन आलो. देऊळ दाखवलं, माझी निसर्गचित्रं दाखवली. ते सभ्य माणूस होते. एकेक चित्र पाहून 'छान, छान' म्हणत ते बाजूला ठेवत होते, आणि 'छान' म्हणायला त्यांना जेवढा वेळ लागत होता तेवढाही चित्र पाहायला लागत नव्हता. घरी चहाला आणलं. वडील बाजारात होते. कपबशी हातात घेऊन ते गृहस्थ वर भिंतीवरच्या चित्राकडे पाहायला लागले, मी 'माझी आई' एवढं सांगितलं, आणि चहा तसाच राहिला.

ते उठून भिंतीपाशी गेले. लुगड्याचा काठ बोटानं चाचपला. "अरे! कापडही घरातलंच!" मग म्हणाले, "हात झाकलेत. केवढा संयम आहे! दुसऱ्या कुणी हात दाखवल्याशिवाय सोडले नसते." मला हसावं की ओरडावं कळेना. मग त्यांनी चित्रावरचा हार वर उचलला आणि खालचा कोपरा पाहिला.

"सही नाही?"

मी त्यांची कपबशी उचलून बाजूला ठेवली.

"तुमचंच ना हे? तुमच्या आईचं चित्र आहे, दुसरं कोण काढणार! पण सही का नाही केलीत?"

मी म्हणालो, "गेलेल्या माणसाच्या चित्रावर जिवंत माणसानं नाव कसं लिहायचं? त्याला हार घालतात. तो आपल्याही नावाला पडतो."

तिचंच वाक्य. शब्द तेवढे शुद्ध करून घेतले. त्या गृहस्थांनी माझा खांदा दाबला. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं.

वडील संध्याकाळी आले तेव्हा भिंतीवर नुसता खिळा होता. मी प्रदर्शनाचं सांगितलं. ते खूश झाले. "बाईले सांगतलं का?" मी म्हटलं, "सांगतो." सांगितलं नाही.

चित्राला मुंबईत बक्षीस मिळालं. पेपरात माझं नाव आलं. शाळेत शाल-नारळ झालं. कार्यक्रमाला बाई आली होती, बायकांच्या बाजूला सतरंजीच्या टोकावर बसली होती. सगळे बोलले, मीही बोललो, आईबद्दल चांगलं बोललो. संपल्यावर ती माझ्यापाशी आली. मला वाटलं, आता. ती म्हणाली, "तुमची माय मुंबईले जाऊन आली म्हना. म्या नाही पाह्यली अजून." आणि गेली. त्यात राग होता का, हे मी आजवर ठरवू शकलेलो नाही. मला राग हवा होता. राग असता तर मलाही काही बोलता आलं असतं.

चित्र परत आलं तेव्हा मागे माझ्या नावाचा छापील कागद चिकटवलेला होता. वडील सावकाश का होईना वाचायचे. त्यांनी तो अक्षर अक्षर लावून वाचला. मग ओल्या फडक्यानं भिजवून भिजवून काढला, चित्र भिंतीवर लावलं आणि त्या दिवसापासून जेवताना माझ्याकडे पाठ करून बसू लागले. शेवटपर्यंत. बायको विचारायची, मामंजी असे का बसतात? मी म्हणायचो, उजेड लागतो डोळ्यांवर.

इथपर्यंत कदाचित मी सुटलो असतो. बाईनं तक्रार केली नव्हती, गाव विसरलं असतं. पण त्याच वर्षी पेंटरचाचा गेला. त्याच्या मुलांना दुकानामागची खोली हवी होती. ते काही वाईट वागले नाहीत, त्यांची लेकरं वाढली होती एवढंच. बाईपुढे दोनच रस्ते होते. पिंपळगाव राजाला भावाच्या घरी जायचं, आणि तिथं शेतात राबायचं, रंगाचं नावही नाही. नाहीतर गावात स्वतःचं काही पाहायचं. तेवढ्यात मुलींच्या शाळेला ड्रॉइंग शिकवायला बाई हवी असल्याचं निघालं. तात्पुरती जागा होती, शिक्षणाची अट सैल होती, काम पाहून घेणार होते. राहायला शाळेच्या आवारात खोली होती. बाई माझ्याकडे आली नाही. सरळ समितीपुढे गेली.

समितीत एक वकील, एक व्यापारी, शाळेच्या मुख्याध्यापिका, आणि जाणकार म्हणून मी.

ती इस्त्रीचं लुगडं नेसून आली होती. तिला तसं मी आधी पाहिलं नव्हतं. वकीलसाहेब म्हणाले, "तुमचं काही काम आणलंय का?"

"आनू कसं, साहेब? सगळं लोकांच्या भिंतीवर हाय. गावात फिरा, दिसन."

"म्हणजे ते बायांचे फोटो?"

"हाव."

व्यापारी हसला. "अवो बाई, रंगबिंग तुम्ही लावत असान, पन ते तर मास्तरचे फोटो हायेत! पेपरात आलं ना! बक्षीस भेटलं त्याले. आता मास्तरसमोरच तुम्ही..."

वकीलसाहेब अवघडले. ते भले गृहस्थ होते, त्यांना बाईचा अपमान करायचा नव्हता. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. बाईनं पण पाहिलं. तिच्या पाहण्यात विनवणी नव्हती. तिला काही शंकाच नव्हती.

"मास्तरले इचारा," ती म्हणाली. "त्याहीच्या घरात बसून काढला म्या त्याहीच्या मायचा."

"काय मास्तर?"

मी समोरचे कागद सारखे केले. म्हणालो, "सही नसल्यामुळे खात्रीनं काही सांगता येणार नाही."

एवढंच. मी खोटंही बोललो नाही, असं पुढं बरीच वर्षं मी मनाशी म्हणत असे.

बाई थोडा वेळ माझ्याकडे पाहत राहिली. ज्या नजरेनं ती मयताच्या घरातल्या माणसांचे चेहरे पाहायची, त्याच नजरेनं. मग म्हणाली, "बरं," आणि उठली. व्यापारी तिच्यामागे म्हणाला, "काऊन खोटं बोलतात लोक, समजत नाही." ते तिला ऐकू गेलं.

महिन्याच्या आत ती पिंपळगाव राजाला गेली. जाताना पेटी बसच्या टपावर चढवायला गावातल्या तीन-चार बाया आल्या होत्या. मी स्टँडसमोरच्या हॉटेलात आत बसून पाहत होतो. त्या जागेवर बुलढाण्याची एक मुलगी लागली. ती भेंड्या कापून ठसे उमटवायला शिकवायची. मी पुढं कलेचा निरीक्षक झालो, जिल्हाभर फिरलो, त्या बक्षिसाचा उल्लेख माझ्या प्रत्येक सत्कारात झाला. खामगावपर्यंत कितीदा गेलो असेन. पिंपळगावची पाटी दिसली की मी बसच्या दुसऱ्या बाजूला पाहायचो. तिथं तिनं काही काढलं की नाही, मला कळलं नाही. तिच्या भावाच्या सुनेनं पुढं सांगितलं की मोठीआई पोळ्याला बैलांची शिंगं रंगवायची, आणि तिनं रंगवलेले बैल ओळखू यायचे.

रिटायर झाल्यावर मी तिथं गेलो. तोपर्यंत वडील जाऊन बरीच वर्षं झाली होती. खामगावहून बसनं निघालो आणि वाटेत वाक्य जुळवत होतो. हळू आवाजात, दोघंच असताना बोलायचं वाक्य. ते जुळलंही.

ती ओट्यावर बसून तूर निवडत होती. केस पांढरे, कुंकू तेवढंच. मला पाहून तिनं सूप बाजूला ठेवलं. "मास्तर का? या, या. वाळले हो!" सुनेनं पाणी आणलं. गल्ली अरुंद होती, समोर नळावर बाया होत्या, शेजारच्या ओट्यावर दोन म्हातारे पान लावत बसले होते.

मी तिच्याकडे वाकून म्हटलं, "बाई, मला तुम्हाला काही सांगायचं होतं."

"आँ?"

"सांगायचं होतं काहीतरी."

सून आतून म्हणाली, "जोरानं बोला गुर्जी. मोठीआईले आयकू येत नाही आता. पार कानाशी जाऊन वरडा लागते."

"हाव, कान गेले माह्ये," बाई हसत म्हणाली. "वरडा, मास्तर. शाळेत वरडत नोते का?"

मी आवाज चढवला. "ते चित्र!"

"कोन्तं?"

"माझ्या आईचं! आईचं चित्र!"

नळावरच्या बायांनी घागरी खाली ठेवल्या. म्हाताऱ्यांनी मान वळवली. त्या गल्लीत मला ओळखणारं एकही माणूस नव्हतं. मी काहीही ओरडलो असतो तरी माझं काय बिघडणार होतं?

"हाव, याद हाय की. डाव्या बाजूनं पाहे थे. त्याचं काय झालं?"

ती तोंडाकडे पाहत वाट बघत होती. सगळी गल्ली वाट बघत होती. मी पोटातून जोर लावून ओरडलो, "चांगलं आहे! अजून रंग उडाला नाही!"

तिचा चेहरा उजळला. "कसा उडन? चाचाचा रंग होता थो!" सुनेकडे वळून म्हणाली, "पाह्यलं का, हे सांगाले इतक्या दूर आले. च्या ठेव."

चहा झाला. मी नातवंडांची, पावसापाण्याची चौकशी ओरडून केली. परतीची बस लवकर होती. पुन्हा येईन म्हणालो. पुन्हा गेलो नाही. त्याच हिवाळ्यात ती गेल्याचं कळलं.

जे बोलायला गेलो होतो ते फार मोठं नव्हतं. बाई, चित्र तुमचं होतं. समितीपुढे तुम्ही माझ्याकडे पाहिलंत तेव्हाही मला ते माहीत होतं. मला माफ करा.